ज्योतीमागच्या गाडीचा पंखा

अण्णा,

तुमची पिकअप यंदा नवरात्राच्या ज्योतीमागं जाणार की नाही, यावरनं घरी कालवा चाललाय आणि शेवटी ते सगळं माझ्या गळ्यात येऊन पडलंय. धाकट्याचा फोन येतो तेव्हा मी नेमका गाडीवर असतो. आवाज तुटतो, तो परत लावतो. "दादा, कंपनीचा पंखा काढून बॅटरीवरचा बसवू का? तू व्हय म्हन, मग बसवतो." मला कशाला विचारतोस, गाडी तू चालवतोस, असं म्हटलं तर म्हणतो, "अण्णाची गाडी हाय. तू थोरला हैस." थोरला म्हणे. घरातनं निघालो तेव्हापासून मी कुठंच धड टिकलो नाही. पुण्यात गॅरेज झालं, सुरतेला गोदाम झालं, हैदराबादेत क्रेनवर झालं, आता इथं राजस्थानात वाळूत येऊन पडलोय, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या एका पंख्याचा निकाल म्हणे मी द्यायचा. मला काय सुचंना म्हणून तुम्हाला विचारायला बसलो. तुम्ही असता तर एका शब्दात मोकळे झाला असता, आणि तो शब्द मला माहीत आहे. तरी लिहितोय. हात दुखतोय, इतकं लिहायची सवय कुठं आहे मला.

इथं सोलरची साईट आहे. काळ्या काचांच्या रांगा, नजर पोचत नाही तिथपर्यंत. त्यांच्यावर धूळ बसली की धुवाव्या लागतात. माझ्या पिकअपवर पाण्याची टाकी आहे, मागं दोघं पाइप धरून चालतात, आणि मी त्यांच्या चालीनं गाडी पुढं सरकवतो. पहिला गेअर, दिवसभर. रांग संपली की वळायचं, दुसरी रांग. ज्योतीमागं गाडी चालवावी तशीच, फक्त पुढं ज्योत नाही आणि उदो उदो म्हणणारं कोण नाही. संध्याकाळी उतरलो तरी पाय क्लच दाबल्यासारखाच राहतो. वर्ष संपलं की निघू म्हणतो, आणि कुठं निघायचं ते सुचत नाही म्हणून राहतो.

तुम्ही ती गाडी आणली तो दिवस आठवतो. आधी तुळजापूरला नेऊन, देवीपुढं उभी करून, मग दारात. सेकंडहँड, पण तुम्ही अशी पुसत होता जसं काय शोरूममधनं आणलीय. शेजारचे तात्या आत बसून एकेक बटण दाबून बघत होते, आणि त्यांना हीटर सापडला. झालं. "अण्णा, हीटर? आपल्याकडं? चैतात शेकोटी करून बसायचं व्हय आत?" सगळी गल्ली हसली. तुम्ही फडकं पिळत म्हणालात, "असू दे की. आधीच्या मालकाचा हाय, फुकट आलाय. कवातरी थंडी पडंल." तेव्हापासून लोक तुमच्या गाडीला हीटरवाली म्हणायला लागले. शेळ्या बाजाराला न्यायच्या असल्या की निरोप यायचा, हीटरवाली रिकामी हाय का बघा.

बाकीच्यांनी आपापल्या गाड्यांना काय काय केलं. कुणी हॉर्न बदलला, कुणी लाइटी लावल्या, कुणी सायलेन्सर कापला. तुम्ही एक बोल्ट कधी बदलला नाही. "कंपनीनं दिलंय ते डोकं लावून दिलंय," एवढंच. मला राग यायचा त्याचा. म्हणून पुण्याच्या गॅरेजात एक ठोकलेली कार खोलली, तेव्हा मी मालकाला विचारून तिचा रेडिएटरचा पंखा मागून घेतला. बॅटरीवरचा, मोटार सकट. पोत्यात घालून, एसटीत मांडीवर घेऊन आलो. अंगणात तुमच्या बॅटरीला दोन वायरी टेकवल्या तशी अंगणातली धूळ अशी उठली की कोंबड्या पळाल्या. तुम्ही दोन्ही हात पुढं धरून वारा बघितलात. "लई वारा हाय रं," म्हणालात. माझी छाती फुगली. मग वायर तुम्हीच काढलीत. "पर बसवायचा न्हाय."

मी सगळं समजावून सांगितलं. कंपनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी हळू चालली की तोही हळू फिरतो, आणि नेमका तेव्हाच वारा जास्त लागतो. बॅटरीवरचा तसा नाही. गाडी जागेवर असो नाहीतर पळत असो, इंजिन तापलं की तो आपोआप चालू होतो, गार झालं की बंद. तुम्ही ऐकून घेतलंत. मग बॉनेट उघडून आपला पंखा हातानं फिरवून दाखवलात. "ह्याच्या पोटात घट्ट तेल हाय. तापलं की ते धरतंय, निवलं की सोडतंय. त्याला वायर न्हाय, फ्यूज न्हाय. इंजिन फिरतंय तवर ह्यो फिरतोय, दोघं एकमेकाला सोडत न्हाईत. तुझा पंखा वायरीवर. वायर तुटली तर मला कोन सांगायला येनार?" मी म्हणालो, दुनिया कुठं चालली आणि तुम्ही कुठं. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि आवाज न चढवता बोललात, "तुला नवं दिसलं की जुनं सोडावंच वाटतं. गाव बी तसंच सोडलंस." आई चुलीपासनं म्हणाली, अहो, पोरगं कालच आलंय. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत गेलो. पंखा तिथंच अंगणात पडला होता, पोत्यावर.

पुढच्या खेपेला आलो तर तो पंखा स्वयंपाकघरात. तुम्ही जुन्या बॅटरीवर जोडून, लाकडी फळीवर ठोकून, आईच्या पाठीमागं लावलेला. लाइट गेली की चालू करायचा. आई भाकरी थापतीय आणि पिठाचा धुरळा सगळा तुमच्या ताटाकडं. "ह्यो पंखा हाय का वावटळ?" ती ओरडली. "एक दीस चूल तरी इझंल, न्हायतर घर पेटंल." तुमच्या मिशा पांढऱ्याफेक झालेल्या. तुम्ही तसंच जेवत होता. "पोरानं आणलाय," म्हणालात, "वाया कशाला घालायचा." मी दारात उभा होतो हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच वर्षी मी ज्योतीला पळालो. घट बसायच्या आदल्या दिवशी तुळजापुरातनं पोरं निघतात, अनवाणी, एकाच्या हातात ज्योत, बाकीचे पाठोपाठ, आणि सगळ्यांच्या मागं तुमची पिकअप. तिच्यावर जनरेटर, स्पीकर, तेलाचा डबा, पाण्याचे जार, दमलेली पोरं. दुपार झालीय, ऑक्टोबरचं ऊन असं की डांबर पायाला चिकटतंय. धाराशिव मागं पडलंय, येडशीकडचा रस्ता चढतोय. माझा पाय चमकतो म्हणून मला पुढं केबिनमध्ये बसवतात. दार उघडतो तर आतनं भट्टीसारखा झोत येतो. काचा उघड्या, तरी आत हवा नाही, नुसती धग. तुमचा सदरा अंगाला चिकटलाय, हनुवटीवरनं घाम स्टिअरिंगवर टपकतोय. "अण्णा, काय हो हे, हीटर चालू हाय की!" तुम्ही समोर ज्योतीकडं बघत म्हणता, "थंडी वाजतीया." मी थोडं अंतर कसंबसं बसतो आणि म्हणतो, ह्यापरीस पळालेलं बरं. "मग पळ की," तुम्ही म्हणता आणि हसता. मी उतरतो आणि लंगडत पळतो. मागं पोरं बोलतायत, अण्णाच्या अंगात येतंय दर साली, बघ कसा घाम फुटलाय.

आणि सकाळी निघताना पोरांनी देवीचं बॅनर आणलं होतं, पुढच्या जाळीला बांधायला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात तेही आठवतं. "जाळीला काय बी बांधायचं न्हाय. तिचं नाक हाय ते. देवी मागनं बी दिसती." पोरांनी मुकाट मागं बांधलं. हार बॉनेटवर घातला तोही तुम्ही हातानं वर सरकवलात. मला तेव्हा वाटलं, म्हातारा हट्टी आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी हैदराबादेत होतो. पोचलो तर सगळं उरकलेलं. गाडी दारात उभी होती. मी बॉनेटवर हात ठेवला, ते गार होतं, आणि मला तेवढंच कळलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. धाकट्यानं लायसन काढलं, शेळ्यांची, भाजीची भाडी धरली, घर चालवलं. ज्योतीमागंही दर साली तोच जातो. मी कधी आलो, कधी नाही. जास्त करून नाहीच.

गेल्या वर्षी येडशीकडच्या त्याच चढाला गाडी उकळली. तापाचा काटा लालात गेला, बॉनेटमधनं वाफ, पाणी सगळं रस्त्यावर. ज्योत घेऊन पोरं पुढं निघून गेलेली, आणि तेलाचा डबा मागं गाडीत. वाटेत ज्योत बारीक व्हायला लागली तशी एका ढाब्यावरनं गोडंतेल मागून घेतलं आणि कशीबशी जगवली. गावात पोचल्यावर कुणी धाकट्याला तोंडावर बोललं नाही, पण आईला पाणवठ्यावर ऐकवलं, अण्णाच्या गाडीनं यंदा आब घालवली. आता मंडळाचा अध्यक्ष, त्याला सगळे पैलवान म्हणतात, तो म्हणतोय यंदा दुसरी गाडी सांगू. धाकटा त्याच्या दारात जाऊन बसला. शेवटी पैलवान म्हणाला, "अमावस्येपतुर पंखा बदल. बदललास तर तुझी गाडी, न्हायतर न्हाय." एवढंच आहे सगळं. गाडी त्या जागेवर राहायची तर तुमचा पंखा काढायचा. पंखा ठेवायचा तर जागा गेली. तुम्ही इतकी वर्षं ज्या जागेवर पळत्या पोरांच्या चालीनं गाडी नेलीत, ती जागा.

मी खरं तर नाहीच म्हणणार होतो. कारण मला इथं तुमचं म्हणणं पटायला लागलं होतं. साईटवरच्या सगळ्या गाड्यांना बॅटरीवरचे पंखे आहेत. चांगले चालतात, खोटं कशाला बोलू. पण मागच्या महिन्यात रांगेच्या मधोमध माझ्या पंख्याचा फ्यूज उडाला. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. काट्याकडं नजर गेली म्हणून कळलं. मला तुम्ही आठवलात, वायर तुटली तर मला कोण सांगायला येणार म्हणणारे. मी इंजिन बंद करणार तेवढ्यात इथला म्हातारा मिस्त्री रांगेतनं ओरडत आला, "बंद मत कर, हीटर खोल, पूरा खोल!" मी त्याच्याकडं बघतच राहिलो. त्यानंच आत हात घालून हीटर फुल केला. इंजिनातलं तापलेलं पाणी त्या हीटरातनं फिरतं, तेवढी आग केबिनमध्ये निघून जाते आणि इंजिनाला जीव मिळतो, असं त्यानं सांगितलं. "गाड़ी की गरमी ड्राइवर खा लेता है," म्हणाला आणि हसला. काटा खरंच खाली आला. मी त्या धगीत बसून होतो, पायांवर झोत येत होता, आणि मला येडशीचा चढ दिसत होता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, ज्योतीवरनं आल्यावर अण्णांचं काय दुखायचं का गं? ती म्हणाली, "पाय. दर साली त्येंचे पाय लालबुंद व्हायचे, घोट्यापतुर. म्या खोबरेल लावायची. म्हनायचे, इंजिनाची धग लागती, गाडीच तशी हाय." मग म्हणाली, "का रं, तुझे बी दुखत्यात का?" मी नाही म्हणालो.

म्हणजे कंपनीचा पंखा त्या चढाला कधीच पुरत नव्हता, अण्णा. मी अंगणात सांगत होतो ते बरोबर होतं, आणि ते तुम्हाला माझ्याआधीपासनं ठाऊक होतं. राहिलेलं तुम्ही पायावर घेत होता. मला हसू आलं, मग बराच वेळ जेवण गेलं नाही.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. धाकट्यानं गेल्या वर्षीचा फोटो पाठवला, तुळजापुरातनं निघतानाचा. गाडी सजवलीय, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, आणि पुढं या लाइटीपासनं त्या लाइटीपर्यंत फ्लेक्स. वर देवी बारकीशी. खाली मंडळातल्या सगळ्या पोरांची तोंडं, आणि मधोमध पैलवान, काळा चष्मा घालून, बरोबर रेडिएटरवर. मी फोन लावला.

"आरं, पंख्याचं काय चुकलंय? जाळी सगळी झाकलीय तुमी. वारा कुठनं जायचा आत?"

"मला दिसत न्हाय व्हय दादा?"

"मग सोडायचा की फ्लेक्स."

"कुनी सोडायचा? म्या? पैलवानाचं थोबाड हाय त्यावर. अण्णा म्हनले की मागं बांधत हुते. अण्णा गेल्यावर पैल्या साली बारका लावला, म्हनलं असू दे. मग दर साली वाढतच गेला. दर साली काटा बी वर चढत गेला. एकदा बोललो तर म्हनले, तुझा पंखा खराब हाय, देवीला कशाला नावं ठेवतूस."

तुमच्या पंख्याला तुमचा शब्द जोडलेला होता. तो शब्द गेल्यावर नुसता पंखा राहिला, आणि त्याच्यामागं एक पोरगं, ज्याचं कोण ऐकत नाही. मी इथं बसून कंपनीचं तेच ठेव म्हणायला मोकळा आहे. पैलवानाच्या दारात जाऊन बसायचं त्याला आहे. "बसव," म्हटलं. त्यानं विचारलं, "अण्णा काय म्हनले असते?" मी म्हटलं, लई वारा हाय रं, असं म्हणाले असते. तो हसला. ते त्याला माहीत नव्हतं.

आधी आई म्हणाली, स्वयंपाकघरातला लावा की, थोरल्यानं आणलेला. काढून नेला तर गावाकडच्या मिस्त्रीनं हातात धरून हलवला, आतनं पीठ आणि राख पडली. मोटार कधीच जाम झाली होती. "माझ्या भाकरीचं पीठ खाऊन खाऊन मेला," आई म्हणाली. मग नवाच आणून बसवला. तुमचा कंपनीचा पंखा तिनं भंगारवाल्याला देऊ दिला नाही. पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलाय. शेळ्यांना पाला टाकावा तसं सांगत होती फोनवर, सहज.

आणि काल धाकट्याचा फोन आला. मंडळाची बैठक झाली. पैलवानानं यंदाचा फ्लेक्स दाखवला, गेल्या सालापेक्षा मोठा. धाकटा उठला आणि म्हणाला, "जाळीवर न्हाय जमायचं. नव्या फॅनपुढं काय बांधलं तर गॅरंटी जाती." पैलवान म्हणाला, "गॅरंटी जाती म्हंजी?" "म्हंजी ज्योतीत बंद पडला तर कंपनी हात वर करती. मिस्त्रीनं बजावून सांगितलंय." पैलवानानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मग मागं बांधा रं. गॅरंटी कशाला घालवायची?" झालं. तसली काही अट-बिट नाही, अण्णा. त्यानं तिथल्या तिथं रचली. आम्ही दोघं फोनवर किती वेळ हसलो. इतकी वर्षं जे तुमच्या तोंडाकडं बघून व्हायचं, ते आता गॅरंटीकडं बघून झालं. पण झालं. फ्लेक्स मागं, गाडी ज्योतीमागं, तुमच्या जागेवर. तुम्ही खूश आहात की नाही ते कळायला मार्ग नाही. मला एवढंच वाटतं की कुणाचे पाय तरी आता लाल होणार नाहीत.

तर विचारायचं काही राहिलंच नाही. पंखा बसवून झाला आणि मी तुम्हाला विचारायला बसलोय. हा कागद कुठं पाठवायचा तेही नाही. गाडीच्या कप्प्यात पान्यांखाली पडून राहील, डिझेलचे डाग पडतील, मग कधीतरी काच पुसायला जाईल.

एक राहिलं. हीटरचं मी धाकट्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. त्याला बसव म्हटलं त्या फोनवर दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं तर तो उगीचच लावून बसेल, तुमच्यासारखा, म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला समजावतो. पण खरं तसं नाही. ज्योतीच्या दिवशी मी फोन खिशात न ठेवता समोर, स्टिअरिंगपाशी ठेवणार आहे. चढाला वायर निघाली, फ्यूज उडाला, काटा वर गेला, तर तो मलाच फोन करेल. दादा, आता काय करू, म्हणेल. आणि मला माहीत असेल.